बालसंधिवात : तज्ज्ञापर्यंत पोहोचण्याआधीचा काळ आणि आपण

‘संधिवात हा उतारवयाचा विकार’ ही समजूत आपल्या समाजात इतकी घट्ट रुजलेली आहे की, तीन-चार वर्षांच्या बालकाचा गुडघा सुजला तर घरातील कोणाच्याही मनात हा शब्द येत नाही. खेळताना पडला असेल, पाय मुरगळला असेल, वाढीच्या वयातील कळा असतील, असे म्हणून काही दिवस जातात. मग आंबेहळदीचा लेप होतो, मिठाचा शेक होतो, गावातील मालीश करणाऱ्याकडे एक-दोन फेऱ्या होतात. त्यानंतर मूल दवाखान्यात येते. ग्रामीण आणि निमशहरी महाराष्ट्रात हा पहिला दवाखाना बहुधा आपल्यापैकीच कोणाचा तरी असतो. कित्येकदा तर त्याही आधी आपल्या औषधविक्रेत्या बंधूंचे दुकान असते. बालसंधिवाताच्या तज्ज्ञाची पायरी या क्रमात अगदी शेवटी येते आणि तेथवर पोहोचेपर्यंत सांध्याची जी हानी व्हायची ती बरीचशी होऊन गेलेली असते. मधल्या या काळाविषयी व्यावसायिक बंधुभगिनींशी काही स्पष्ट बोलावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम रोगाची व्याख्या. सोळा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी सुरू झालेला, किमान सहा आठवडे टिकलेला आणि अन्य कारण न सापडणारा संधिशोथ म्हणजे ज्युव्हेनाईल इडिओपॅथिक आर्थ्रायटिस, संक्षेपाने जे.आय.ए. हा एक रोग नसून रोगांचा समूह आहे. प्रचलित आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात त्याचे सात प्रकार मानले जातात. काही बालकांत चार किंवा त्याहून कमी सांधे धरतात, काहींत पाच किंवा अधिक. काहींत ज्वर व अंगावरील पुरळ ही लक्षणे आधी येतात आणि सांधे मागाहून सुजतात. आपल्याकडे मोठ्या मुलग्यांमध्ये टाच, गुडघा, खुबा व कंबर धरणारा, स्नायुबंध जेथे अस्थीला जोडले जातात तेथे शोथ करणारा प्रकार विशेष दिसतो. ब्रिटनमध्ये साधारणपणे हजार मुलांमागे एक असा या व्याधीचा अंदाज दिला जातो. तेव्हा हा विकार दुर्मीळ आहे, आपल्याकडे येणार नाही, असे कोणी समजू नये. तो येतो, ओळखला जात नाही, इतकेच.

न ओळखला जाण्याचे मोठे कारण असे की, लहान मूल ‘दुखते’ असे सांगत नाही. ते सकाळी अंथरुणातून उठल्यावर अर्धा-पाऊण तास कडेवरून उतरत नाही आणि दुपारी मात्र अंगणात धावते. त्यामुळे आई त्याला लाडावलेले समजते आणि शिक्षक आळशी ठरवतात. पंगतीत मांडी घालून बसायचे ते टाळते, जिना एकेक पायरीने उतरते, शौचाला उकिडवे बसताना रडते. चालू लागलेले मूल पुन्हा रांगू लागते. हे सर्व आईला ठाऊक असते, परंतु विचारल्यावाचून ती सांगत नाही, कारण तिला त्यात रोग दिसत नाही. काश्यपसंहितेच्या सूत्रस्थानात वेदनाध्याय नावाचा स्वतंत्र अध्याय आहे. ज्याला बोलता येत नाही अशा बालकाची वेदना त्याच्या हालचालींवरून व वर्तनावरून कशी ओळखावी, हाच त्याचा विषय. कौमारभृत्याची परीक्षा देताना आपण सर्वांनी तो पाठ केला आहे. परीक्षेनंतर त्याचा उपयोग करण्याची जागा जर कोठे असेल तर ती येथे आहे.

आता नामकरणाविषयी. सुजलेला सांधा, ज्वर, अरुची, अंगाची जडता असे चित्र दिसले की माधवनिदानातील आमवात आठवतो. एकाच गुडघ्याला मोठी सूज असेल तर क्रोष्टुकशीर्ष आठवते, काहींना वातरक्त आठवते. या संज्ञांविषयी मला आदर आहे आणि साम-निराम अवस्था पाहून चिकित्सेचा क्रम ठरविण्यास त्या आजही उपयोगी पडतात. परंतु पत्रकावर ‘आमवात’ लिहिले म्हणजे निदान संपले, असे जे आपल्यात घडते त्याला माझा विरोध आहे. लहान मुलाच्या सुजलेल्या सांध्यामागे संधिक्षय असू शकतो. आमवातज्वर, म्हणजे ऱ्हुमॅटिक फीव्हर, असू शकतो. त्यात वेदना एका सांध्यातून दुसऱ्या सांध्यात फिरते आणि खरा धोका हृदयाच्या झडपांना असतो. रात्री झोपेतून उठवणारी हाडांची वेदना, फिकटपणा आणि रक्तपेशींचे घटलेले प्रमाण असेल तर ल्यूकेमिया असू शकतो. सांधा लाल, अत्यंत उष्ण आणि मूल विषारी ज्वराने ग्रस्त असेल तर सांध्यात पू असू शकतो; तेथे एक दिवसाचाही विलंब परवडत नाही. या प्रत्येकाची चिकित्सा वेगळी आहे आणि रास्नासप्तक काढा त्यांपैकी एकाचीही चिकित्सा नाही.

उलट दिशेची चूकही आपल्याकडे सर्रास होते. ए.एस.ओ. टायटर थोडे वाढलेले दिसले की मुलाला ऱ्हुमॅटिक ठरवून दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन सुरू होते. पूर्वी घशाला जंतुसंसर्ग होऊन गेला एवढेच ते टायटर सांगते. सूज जर त्याच गुडघ्यात महिनोन्‌महिने मुक्काम ठोकून असेल, तर तो फिरता आमवातज्वर नव्हे, हे केवळ इतिहास नीट घेतला तरी कळते. तीच गोष्ट आर. ए. फॅक्टरची. बालसंधिवाताच्या जेमतेम पाच टक्क्यांच्या आसपास रुग्णांत तो सकारात्मक येतो. तरीही ‘आर. ए. निगेटिव्ह आहे, म्हणजे संधिवात नाही’ असे पालकांना सांगणारे बरेच आहेत, आणि त्यांत केवळ आपल्याच पॅथीचे लोक आहेत असेही नाही. या रोगाचे निदान मुख्यतः दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न यांनी होते. प्रयोगशाळा साहाय्य करते. खरे पाहता आपल्या परंपरेतील वैद्याला हे सांगण्याची गरज पडू नये.

डोळ्यांचा विषय स्वतंत्रपणे लिहितो, कारण तो जवळजवळ कोणालाच ठाऊक नसतो. लहान वयात, थोड्या सांध्यांत सुरू झालेल्या प्रकारात, विशेषतः ए.एन.ए. ही तपासणी सकारात्मक असलेल्या बालकांत, डोळ्याच्या आतील पटलाला शोथ येतो. हा शोथ डोळा लाल करीत नाही, दुखवत नाही, पाणी आणत नाही. मूल नेहमीसारखे खेळत असते आणि दृष्टी हळूहळू जात असते. तो केवळ नेत्रतज्ज्ञाच्या स्लिट लॅम्प तपासणीतच दिसतो. अधिक जोखमीच्या बालकांत ही तपासणी दर तीन महिन्यांनी करावी लागते, तीही काहीच तक्रार नसताना. पाश्चात्य देशांच्या तुलनेत आपल्याकडे याचे प्रमाण कमी आढळते, परंतु ज्या घरातील मुलाची दृष्टी जाते त्या घराला या तुलनेने काय दिलासा मिळणार? तालुक्याच्या गावी स्लिट लॅम्प असलेला नेत्रतज्ज्ञ आता बहुतेक ठिकाणी उपलब्ध आहे. त्याच्याकडे एक चिठ्ठी देऊन पाठविणे हे आपल्यापैकी कोणालाही, आजही, कोणत्याही शासकीय योजनेवाचून शक्य आहे.

ज्वराने सुरू होणाऱ्या प्रकाराबाबत एक इशारा. दिवसातून एकदा चढून उतरणारा उच्च ज्वर, ज्वरासोबत उमटून नाहीसे होणारे फिकट गुलाबी पुरळ आणि गाठी असे या प्रकाराचे रूप असते. विषमज्वराची औषधे, जंतुनाशके असे बरेच काही होऊन गेल्यावर ही मुले आपल्याकडे येतात. यांपैकी काहींत अकस्मात एक घातक अवस्था उत्पन्न होते. ज्वर उतरेनासा होतो, मूल मलूल पडते, रक्तस्रावाचे डाग दिसतात, पेशी घटतात, फेरिटिन प्रचंड वाढते आणि त्याच वेळी ई.एस.आर. मात्र खाली येतो. ई.एस.आर. उतरला म्हणजे औषध लागू पडले, असा अर्थ येथे लावला गेला तर मूल हातचे जाते. रोगी खालावत असताना ई.एस.आर. सुधारत असेल तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात रवानगी करावी.

आधुनिक चिकित्सेत गेल्या पंचवीस वर्षांत या मुलांचे भवितव्य खरोखर पालटले आहे, हे मोकळेपणाने मान्य करण्यात आपल्याला कमीपणा वाटू नये. सांध्यात दिले जाणारे स्टिरॉइडचे इंजेक्शन, मेथोट्रेक्सेट आणि गरज पडल्यास जैविक औषधे यांमुळे पूर्वी ज्या मुलाच्या वाट्याला वाकलेला गुडघा, लहान-मोठे पाय आणि आत ओढलेली हनुवटी येत असे, ते आज शाळेच्या कवायतीत उभे राहू शकते. चाकाच्या खुर्चीची वेळ आता बहुतेकांवर येण्याचे कारण नाही. परंतु हे सर्व वेळेत सुरू झाले तरच.

येथे औषधविक्रेत्या बंधूंना एक विनंती. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. ते रोज घेतले गेले तर तोंड सोलवटते, पेशी घटतात, प्राणावर बेतू शकते. सोबत फॉलिक ॲसिडची गोळी दिलेली असते. दोन्ही गोळ्या लहान, आणि घरातील आजी-आजोबांच्या हातून अदलाबदल सहज होते. पाकिटावर ‘आठवड्यातून एकदा’ एवढेच न लिहिता ‘फक्त रविवारी’ असा वारच मोठ्या अक्षरांत लिहून द्यावा. चिठ्ठीत रोजचा डोस वाटला तर लिहिणाऱ्याला दूरध्वनी केल्याशिवाय गोळी देऊ नये. शंका विचारल्याने कोणाचा अपमान होत नाही.

दुसरी विनंती अधिक अवघड आहे. ‘वातावरची पुडी’ या नावाने जी निनावी, घटक न छापलेली चूर्णे आणि गोळ्या विकल्या जातात, त्यांत स्टिरॉइड मिसळलेले असल्याचे देशात वेळोवेळी उघड झालेले आहे. दोन दिवसांत सूज उतरते, मुलाला भूक लागते, गाल गोल होतात, आईवडील समाधानी होतात. पुढे उंची खुंटते, हाडे ठिसूळ होतात, आणि पुडी एकाएकी बंद केली तर मूल कोसळते. अशा मालामुळे बदनामी होते ती आयुर्वेदाची. विकणारा मात्र निनावीच राहतो. आपल्या दुकानात ही पुडी नसावी, आणि शेजारच्या दुकानात असेल तर अन्न व औषध प्रशासनाला कळवावे. ‘संधिवात मुळापासून बरा’ अशा पाट्यांबाबतही तेच. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धच्या कायद्याच्या परिशिष्टात संधिवाताचा समावेश आहे, हे आपल्यापैकी अनेकांच्या लक्षात नसते.

रसकल्पांविषयी माझे मत काही ज्येष्ठांना रुचणार नाही. आमवातारि रस, महायोगराज गुग्गुळ यांसारखे खनिजयुक्त कल्प प्रौढांत विवेकाने वापरण्याची परंपरा आहे. परंतु वाढत्या मेंदूच्या, वर्षानुवर्षे औषध घ्यावे लागणाऱ्या बालकात नाग-पारदयुक्त कल्प दीर्घकाळ देण्याचे समर्थन मला करता येत नाही. अमेरिकेतील वैद्यक नियतकालिकात २००४ आणि २००८ साली आपल्या औषधांतील जड धातूंविषयी जे अहवाल प्रसिद्ध झाले, त्यांतील सुमारे एकपंचमांश नमुन्यांत धातू आढळले होते. त्यावर आपण शोधन-मारणाचा युक्तिवाद केला. तो युक्तिवाद चालवायचा असेल तर खुशाल चालवावा. पण तो पाच वर्षांच्या मुलाच्या शरीरात सिद्ध करू नये.

मग आपल्या चिकित्सेला येथे स्थान नाही काय? आहे, असे माझे मत आहे. मात्र ते साहाय्यकाचे आहे. सन २००० मध्ये पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी आमवाताच्या रुग्णांवर वनस्पतिज कल्पाची दुहेरी-अंध चाचणी प्रसिद्ध केली. २०११ मध्ये कोईमतूर येथे ४३ रुग्णांवर शास्त्रोक्त आयुर्वेदीय चिकित्सा, मेथोट्रेक्सेट आणि दोन्हींचा संयोग यांची तुलना प्रसिद्ध झाली व तीनही गटांत साधारण सारखा लाभ दिसला. ही कामे मोलाची आहेत. परंतु त्यांतील रुग्ण प्रौढ होते आणि दुसऱ्या चाचणीतील संख्या फार थोडी होती. त्यांच्या आधारे एखाद्या बालकाचे मेथोट्रेक्सेट थांबविण्याचा अधिकार आपल्याला मिळत नाही. ‘ती गोळी कॅन्सरची आहे, बंद करा’ हे वाक्य ज्या वैद्याच्या तोंडून निघते त्याने आपण पुढील पाच वर्षे त्या मुलाच्या सांध्यांची जबाबदारी घेणार आहोत काय, हा विचार करावा.

साहाय्यक म्हणून करण्यासारखे मात्र पुष्कळ आहे. सकाळच्या जडतेसाठी साम अवस्थेत वालुकास्वेदासारखा रूक्ष शेक, तोही मुलाच्या त्वचेला सोसेल इतकाच आणि सांधा लाल व तप्त नसेल तरच. सुजलेल्या उष्ण सांध्यावर तेलाचे मर्दन टाळण्याची सूचना. शोथ ओसरल्यावर, निराम अवस्थेत, क्षीण मांड्यांसाठी हलका अभ्यंग आणि व्यायाम. भूक मंदावलेल्या मुलासाठी लघू, उष्ण, परंतु पोषक आहार. येथे लंघनाचा अतिरेक नको. आधीच कृश झालेल्या बालकाचे दूध, डाळ, अंडी ‘आम वाढतो’ म्हणून महिनोन्‌महिने तोडण्यात आले तर रोगाने खुंटवायची ती वाढ पथ्यानेच खुंटेल.

पोटात द्यावयाच्या औषधांबाबत यकृताचे भान हवे. मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या मुलाच्या यकृताची तपासणी नियमित व्हावी लागते. २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांतील यकृतविकाराची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तिच्यावर आक्षेप घेतला आणि साम्य असलेल्या दुसऱ्या वनस्पतीची शक्यता पुढे केली. वाद कसाही मिटो, ज्या बालकाची रोगप्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच शरीरावर उलटली आहे त्याला प्रतिकारशक्ती ‘वाढविणारे’ म्हणून काहीही देताना आपण थांबले पाहिजे आणि जे दिले ते तज्ज्ञाला लेखी कळविले पाहिजे.

तज्ज्ञांविषयीही एक तक्रार नोंदवतो. आपण पाठविलेली चिठ्ठी बहुधा वाचली जात नाही. मूल परत येते तेव्हा त्याच्याजवळ घाईत लिहिलेला औषधांचा कागद असतो. निदान काय, रक्ततपासणी कधी, कोणत्या लक्षणांवर परत पाठवायचे, यांपैकी एक ओळही नसते. एका मोठ्या रुग्णालयातून परत आलेल्या आठ वर्षांच्या मुलीच्या आईला मी विचारले, तेव्हा तेथे तिला ‘दुसरे काही औषध घेता का’ हा प्रश्नच कोणी विचारला नव्हता, असे कळले. घरी ती तीन प्रकारचे काढे देत होती. शेकडो किलोमीटर दूर असलेला तज्ज्ञ या मुलीला वर्षातून तीन-चार वेळा पाहणार. उरलेले सर्व दिवस ती आमच्या गावात असणार. त्या दिवसांत तिला ताप आला, कांजिण्यांचा संपर्क झाला, गोळी चुकली, तर ती कोणाकडे जाणार आहे, याचा विचार तज्ज्ञांनी करावयास हवा.

आणि तज्ज्ञ आहेत तरी किती? चंदीगडच्या पी.जी.आय.मध्ये या विषयाचा स्वतंत्र अतिविशेष अभ्यासक्रम आहे. आपल्या राज्यात मात्र बालसंधिवाताचे मोजके चिकित्सक आहेत आणि ते प्रामुख्याने मुंबई-पुण्यात आहेत. ब्रिटनमधील बालसंधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१० साली असे मानक ठरविले की, लक्षणे सुरू झाल्यापासून दहा आठवड्यांत आणि चिठ्ठी मिळाल्यापासून चार आठवड्यांत मूल तज्ज्ञ पथकाने पाहिलेले असावे. त्या देशातही ते सर्वत्र पाळले जात नाही. पण निदान मोजपट्टी आहे. आपल्याकडे ती नसल्याने उशीर झाला, असे म्हणण्याचीही सोय नाही.

मोजपट्टी तयार करण्याची जागा मला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दिसते. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथे या कार्यक्रमाचा प्रारंभ झाला. त्याच्या फिरत्या पथकात दोन आयुष वैद्यकीय अधिकारी, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता अशी रचना आहे. म्हणजे अंगणवाडीतील बालकांना वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलांना एकदा तपासणारे डॉक्टर हे आपलेच बी.ए.एम.एस. बंधुभगिनी आहेत. कार्यक्रमाच्या सुमारे तीस विकारांच्या यादीत जन्मजात वाकडे पाय आहेत, हृदयाचा ऱ्हुमॅटिक विकार आहे. बालसंधिवात मात्र नाही. ब्रिटनमध्ये २००६ साली प्रसिद्ध झालेली ‘पीगॅल्स’ ही तपासणी दोन-तीन मिनिटांत होते. सांधे, स्नायू वा पाठ दुखते किंवा आखडते काय, कपडे स्वतः घालता येतात काय, जिना चढता-उतरता येतो काय, हे तीन प्रश्न आणि त्यानंतर चाल, हात, पाय व पाठीच्या काही सोप्या हालचाली. उपकरण लागत नाही. हे शिकवायला एक दिवसाचे प्रशिक्षण पुरेसे आहे.

माझी सूचना अशी की, आपल्या संघटनेने राज्याच्या आरोग्य विभागाकडे दोन मागण्या लेखी कराव्यात. पहिली, पथकाच्या तपासणी-पत्रकात सांध्यांचा एक रकाना घालावा आणि सहा आठवड्यांहून जुनी सूज आढळल्यास जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवावे. तेथून ई-संजीवनीसारख्या दूरसल्ल्याच्या व्यवस्थेने तज्ज्ञाशी जोडणी व्हावी. दुसरी, आरोग्य विमा योजनांची रचना रुग्णालयातील भरतीभोवती आहे, तर हा रोग बाह्यरुग्ण विभागात चालतो. रक्ततपासणी, नेत्रतपासणी, भौतिकोपचार, प्रवास असा खर्च महिन्यामागून महिना होत राहतो. मेथोट्रेक्सेट स्वस्त आहे, पण जैविक औषधांचा खर्च हजारोंच्या घरात जातो. देशी बनावटीमुळे किमती उतरल्या असल्या, तरी शेतमजुराच्या घरासाठी त्या उतरलेल्या नाहीत. बालकांपुरती तरी या खर्चाची तरतूद व्हावी.

शासनाचे उत्तर येईपर्यंत जिल्हा शाखांना स्वतः करता येण्याजोगे एक काम आहे. आपल्या जिल्ह्यापासून जवळचा संधिवाततज्ज्ञ, स्लिट लॅम्प असलेला नेत्रतज्ज्ञ, बालकांसोबत काम करणारा भौतिकोपचारतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ यांची नावे, दिवस व दूरध्वनी असलेले एक पानी पत्रक प्रत्येक शाखेने तयार करावे आणि ते सभासदांच्या टेबलावरील काचेखाली व औषधांच्या दुकानात लावावे. सोबत मराठीतील संदर्भचिठ्ठीचा नमुना असावा : कोणता सांधा, किती आठवडे, ज्वर आहे काय, डोळे तपासले काय, आतापर्यंत कोणती औषधे दिली, आपलीही धरून. आमच्या शाखेच्या पुढील मासिक बैठकीत मी हा विषय मांडत आहे. इतर शाखांनी आपापली पत्रके या त्रैमासिकाकडे पाठविल्यास ती एकत्र छापता येतील.